फुटामागे एक सूत

जुन्या इंग्रजी दस्तऐवजांइतके वाईट गद्य जगात दुसरे नाही, असे आकाराम वरुटे यांचे ठाम मत होते. दिवाणी न्यायालयात छत्तीस वर्षे भाषांतरकाराची नोकरी करता करता त्यांनी ते बनवले होते आणि निवृत्तीनंतरची अकरा वर्षे, कुणी विचारो वा न विचारो, ते ऐकवीत आले होते. चाळीस-चाळीस ओळींचे एकेक वाक्य, त्यात स्वल्पविरामाचे नाव नाही; ‘मागे सांगितल्याप्रमाणे’ म्हणायला ‘हिअरिनबिफोर’, ‘हा लेख साक्ष देतो’ म्हणायला ‘विटनेसेथ’; आणि साधे ‘देतो’ म्हणायचे तर ‘ग्रँट, कन्व्हे, ट्रान्सफर अँड अ‍ॅश्युअर’. “चार क्रियापदांनी दिली म्हणून जमीन काय चौपट होते?” असे ते विचारीत, आणि उत्तर द्यायला कुणी तोंड उघडले की त्याची दुपार गेलीच म्हणून समजावे.

भाषांतर करताना ही खोगीरभरती ते निर्दयपणे छाटीत. घरी त्यांच्या उशाशी जुन्या सनदांचे आणि महजरांचे, म्हणजे निवाडापत्रांचे, छापील खंड असत. त्या गद्यावर त्यांचा कान तयार झालेला. त्यामुळे त्यांचे मराठी असे घोटीव उतरे की वरुट्यांचे भाषांतर म्हटल्यावर वकील मंडळी मूळ कागद उघडूनही पाहत नसत. शिवाय त्यांचा एक लौकिक होता. जे अक्षर कागदावर दिसत नाही, ते त्यांनी आयुष्यात कधी लिहिले नव्हते. जे दिसते ते गाळण्याबद्दल मात्र त्यांना कुणी कधी जाब विचारला नव्हता.

कसबा बावड्याच्या रस्त्यावर, न्यायालयाच्या फाटकासमोर तोहिद मुल्लाणी याचे झेरॉक्स-टायपिंगचे दुकान आहे. तिथली पंख्याखालची खुर्ची वरुट्यांची. एका सोमवारी त्या खुर्चीसमोर अ‍ॅडव्होकेट प्रियदर्शनी माने येऊन उभ्या राहिल्या. वकिलीची सनद मिळून त्यांना दोन वर्षे झाली होती आणि अजून प्रत्येक तारखेचे त्यांना दडपण येई. त्यांच्यामागे पस्तिशीची एक बाई होती. कोपरापर्यंत लाकडाचा भुसा, हातात पिवळ्या फडक्यात बांधलेला दस्त.

“काका, गुरुवारी मनाई अर्जाची तारीख आहे. दस्त इंग्रजी आहे, भाषांतर लागेल. या क्रांती सुतार, माझ्या अशील.”

“मी पॅटर्न करतो, काका,” क्रांती म्हणाली. “ओतकामाचं लाकडी साचं. उद्यमनगरात आज्ज्यापासनं शॉप हाय आमचं.”

तिचा आजा पिराजी मिस्त्री. एकोणीसशे अठ्ठावन्न साली बाळासो इंगवले यांनी आपल्या प्लॉटची दक्षिणेकडची अर्धी जागा पिराजीला विकली आणि उत्तरेकडची अर्धी स्वतःला ठेवली. तिथे आधीपासून भाड्याने असलेले पिराजीचे शॉप अगदी हद्दीवर आले, आणि त्याच्या उत्तरेच्या भिंतीतल्या पाच खिडक्या इंगवल्यांच्या मोकळ्या जागेवर उघडल्या. साठ-पासष्ट वर्षे कुणाची तक्रार नव्हती. आता बाळासोंचा नातू धैर्यशील त्या भिंतीला खेटून तीन मजली गोडाऊन उठवीत होता. कॉलम खिडक्यांच्या कट्ट्यापर्यंत आले होते आणि शुक्रवारी विटा चढायच्या होत्या.

“लाईट लावून काम करा म्हणत्यात,” क्रांती म्हणाली. “ट्यूबनं रेघंला दोन सावल्या पडत्यात, काका. अर्धा मिलिमीटर इकडचं तिकडं झालं की कागल एमआयडीसीतनं आख्खा लॉट माघारी. उत्तरंचा उजेड गेला की माझं शॉप गेलं, बघा.”

“दस्तात खिडक्यांचा उल्लेख आहे?”

“स्पष्ट आहे. ते वाक्य संपता संपत नाही, मला तेवढंच उमगलं,” प्रियदर्शनी म्हणाल्या. “पण दाव्यासोबत दिलेल्या झेरॉक्सवरून त्यांनी आपलं भाषांतर दाखल केलंय, आणि त्यांचं म्हणणं, हा हक्क फक्त पिराजी मिस्त्रींना दिला होता. ते एक्क्याण्णव साली वारले, तिथं हक्क संपला. आणि नेमका तिथंच कागद...”

वरुट्यांनी फडके सोडले. टंकलेखन केलेली सहा पाने. शेवटच्या पानाच्या तळाशी दस्त तयार करणाऱ्याची सही: सयाजीराव नलवडे, वकील. हा माणूस उमेदीत मुंबईला एका सॉलिसिटरच्या हाताखाली काम करून आलेला, आणि त्याचे दस्त भयंकर लांबलचक म्हणून वरुट्यांच्या विशेष रागातले. त्यांनी पहिले पान उचलले आणि डोळ्यांशी नेले.

बाळासो इंगवले यांचे नाव, आणि पुढे ‘यापुढे ज्यांस विकणार म्हटले आहे’. मग कंस: या शब्दात त्यांचे वारस, व्यवस्थापक व हक्कदार यांचाही समावेश समजावा. सारे अक्षरन् अक्षर शाबूत. त्याखाली पिराजीचे नाव, ‘यापुढे ज्यास खरेदीदार म्हटले आहे’, मग कंस उघडलेला. आणि त्यापुढे रुपयाएवढे भोक, भोवती तांबडा डाग. भोकाच्या पलीकडे कंस पूर्ण झालेला.

“हे काय?”

क्रांती ओशाळली. “आज्जी. चिमणाबाई. दर खंडेनवमीला रंधा, पटाशी, करवत मांडायची आणि मधी हा दस्त. नवऱ्याचं नाव ती तोंडानं घ्यायची न्हाय. पर इंग्रजीत त्ये कुठं लिवलंय, तेवढं बाबांस्नी इचारून ठिवलेलं. आज्जा हुता तवर, तेहेतीस वर्षं, त्या नावावर ओलं कुंकू आणि वर अक्षता. तांदूळ घरंगळून नावापुढच्या कंसात चिकटलं, तांदळाला कसर लागली. कसरीनं तांदूळ खाल्लं आणि कागदबी खाल्ला.”

वरुट्यांनी बाकीची पाने भरभर चाळली. पतीच्या नावावर वाहिलेल्या कुंकवाने त्याच्या नातवंडांची तेवढी ओळ नाहीशी केली होती. बाकीच्या दस्तात पिराजीचे नाव कुठेच नव्हते. नजरेला जिथे तिथे नुसता ‘खरेदीदार’ आला. म्हणजे तो खरेदीदार एकटा पिराजी, की त्याच्यामागून येणारेही, याचे उत्तर त्या भोकात होते.

“नोंदणी कचेरीतली नक्कल?”

“अर्ज केलाय. महिना लागेल म्हणतात,” प्रियदर्शनी म्हणाल्या. “काका, वरच्या कंसात वारस आहेत. म्हणजे खालच्या कंसातही तेच असणार.”

“असणार आणि आहे यांच्यामध्ये माझी छत्तीस वर्षांची नोकरी आहे, बाईसाहेब.”

“पण कुणालाही कळतंय...”

“खालचा कंस वरच्याच्या निम्मा आहे. तेवढ्या जागेत वारस बसतील, तसे ‘केवळ हयातीपुरता’ हेही शब्द बसतील. विरुद्ध बाजूचा वकील हेच म्हणेल, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही म्हणालो असतो. मी लिहीन: येथील मजकूर नष्ट झाला असून वाचता येत नाही.”

तोहिदने मशीनवरून मान काढली. “लिवा की हो काका ‘वारस’. तितं काय हुतं त्ये वरच्याला बी ठावं हाय.”

“मग प्रमाणपत्रावर सही वरच्यालाच करू दे.”

क्रांतीने पिवळ्या फडक्याची घडी केली, उलगडली आणि पुन्हा केली. ती रडली असती तर वरुट्यांना सोपे गेले असते; पण ती नुसती म्हणाली, “तुम्ही खोटं लिवू नका, काका. पर बाकीचं समदं नीट बघा.”

मंगळवारी त्यांनी भाषांतर केले. सहा पानांची अडीच झाली, आणि त्यांना नेहमीचे समाधान वाटले. पाचव्या पानावर तर अडतीस ओळींचे एकच वाक्य होते, धाप लागावी असे. त्याचा अर्क त्यांनी एका ओळीत काढला: ‘विकणार सदरहू पाच खिडक्यांचा उजेड व वारा अडवणार नाही.’ तोहिदने ते टाइप केले आणि म्हणाला, “काका, तुमच्या हातात हत्ती दिला तरी तुम्ही त्येची शेळी करून आणशीला.”

“शेळी दूध देते,” वरुटे म्हणाले.

पण सही त्यांनी केली नाही. ज्या वस्तूचे शब्द, ती वस्तू डोळ्यांनी पाहिल्याखेरीज सही करायची नाही, हा त्यांचा जुना नेम होता. विहिरीच्या वाटणीचे भाषांतर असले की ते विहिरीवर जाऊन येत. बुधवारी दुपारी ते उद्यमनगरात गेले.

शॉप म्हणजे एकच लांब खोली. आत सागवानाचा आणि सरसाचा वास होता. उत्तरेच्या भिंतीत पाच उंच खिडक्या, आणि त्यांतून येणारा तो उजेड पाहून वरुटे दारातच थांबले. त्यात ऊन नव्हते आणि सावलीही नव्हती. तो सगळीकडून सारखा होता, पाण्यासारखा. कामाच्या टेबलावर अर्धवट साचा होता. त्यावर धारदार टोच्याने ओढलेली एक रेघ, केसाहून बारीक, आणि ती दारातून दिसत होती. खिडक्यांच्या बाहेर मात्र चार कॉलमांच्या सळ्या आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या.

सळ्यांआडून एक गोरा, भरदार माणूस डोकावला. हा धैर्यशील इंगवले.

“या पावणं! तुम्हीबी उजेड मोजाय आला व्हय?”

“मी शब्द मोजतो.”

“मग लई दिस लागतील. आमच्या आज्ज्यानं त्या वकिलाकडनं पुराण लिवून घेतलंय पुराण!” तो हसला आणि गवंड्यांकडे वळला. बोलण्यात द्वेष नव्हता. त्याला गोडाऊन हवे होते, एवढेच.

क्रांती साच्यावर माप टाकीत होती. वरुट्यांच्या पिशवीत नेहमी एक फूटपट्टी असे. वाचताना ओळीखाली धरायला. त्यांनी ती सहज काढून तिच्या पोलादी पट्टीशेजारी ठेवली, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. एका टोकाला दोन्ही जुळत होत्या; बारा इंचांपाशी तिची पट्टी पुढे गेलेली होती.

“बाई, तुमची पट्टी खोटी आहे.”

“खोटी न्हाय काका, ती साच्याची पट्टी हाय.” क्रांतीला हसू आवरेना. “लोखंड ओतलं की गार होताना आकसतंय. म्हणून साचा मापापरास मोठा करायचा. फुटामागं एक सूत. इंचाचा आठवा भाग. ह्या पट्टीवरचा इंचच मुळात त्या हिशेबानं वाढीव.”

“आणि ती वाढ ठेवली नाही तर?”

“तर साचा बराबर आणि माल खोटा. नवीन मानूस साचा बघून म्हणतंय, बाईचं माप चुकलंय, जास्तीचं तासून टाका. आज्जा म्हणायचा, जास्तीचं तासणाऱ्याला शॉपात घेऊ नगंस. साचा आजचा न्हाय, माल गार झाल्यावरचा बघायचा.”

वरुट्यांनी आपली फूटपट्टी उचलली, पिशवीत घातली, पुन्हा काढली. मग विचारले, “दस्त इथे आहे?”

“हाय की. कपाटात.”

“पाचवे पान द्या.”

ते पान घेऊन ते मधल्या खिडकीशी गेले. ओळीखाली पट्टी धरली आणि अडतीस ओळींचे ते वाक्य, जन्मात पहिल्यांदा कुठेही उडी न मारता, शब्दाशब्दाने वाचू लागले. क्रांतीचा रंधा थांबला. काल ज्याची त्यांनी एक ओळ केली होती, ते मुळात असे होते: ‘आणि विकणार आपल्यासाठी व आपल्या वारसांसाठी असा करार करतो, की सदरहू पाच खिडक्यांतून आजवर जसा येत आला तसा उजेड व वारा, खरेदीदारास, त्याच्या वारसांस, वारसांच्या वारसांस, आणि त्यांच्यामार्फत वा त्यांच्या हक्काने सदरहू जागेत काम करणाऱ्या सर्वांस व प्रत्येकास, खरेदीदाराच्या हयातीत तसाच त्याच्या पश्चात, येथून पुढे सर्वकाळ, कोणतीही भिंत, बांधकाम वा आडोसा उभारून कधीही अडवणार नाही.’

वरुटे खिडकीच्या कट्ट्यावर बसले.

पहिल्या पानावरच्या कंसात वारस येऊन गेले असतीलच. कायद्याला तेवढे पुरे होते. मग दस्त लिहिणाऱ्याने ते इथे पुन्हा का लिहिले? भरती म्हणावी, तर ती सगळीकडे असायला हवी. त्यांनी बाकीची पाने मागून घेतली आणि एकेक कलम तपासले. कुंपणाच्या कलमात नुसता ‘खरेदीदार’. गटाराच्या कलमात नुसता ‘खरेदीदार’. जाण्यायेण्याच्या वाटेच्या कलमातही तेवढेच. साऱ्या दस्तात एकट्या उजेडाच्या कलमापाशी सयाजीराव नलवड्यांनी कंसावर भरवसा ठेवला नव्हता. समोर बसलेल्या मिस्त्रीचे पोट कशावर आहे, हे त्यांनी ओळखले होते, आणि तिथे, बरोबर तिथे, माप वाढवून ठेवले होते.

आणि या अडतीस ओळींची लय त्यांना अनोळखी नव्हती. ‘तुम्हांस व तुमचे पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने’: उशाशी ठेवलेल्या सनदांतले हे शब्द वाचताना त्यांचा ऊर भरून येई. तिथे मुलगा म्हटल्यावर नातू कशाला, असे त्यांनी कधी विचारले नव्हते. ‘मौजे मजकूर’ आणि ‘सदरहू’ त्यांना भारदस्त वाटत. तोच ‘सदरहू’ इंग्रजीत ‘अफोरसेड’ होऊन आला की त्यांची कात्री चाले. पन्नास वर्षांच्या आपल्या व्यासंगात एवढा मोठा पक्षपात होता, हे त्यांना एका सुताराच्या पोरीच्या पट्टीने दाखवले होते.

“काका, पाणी देऊ?” क्रांतीने घाबरून विचारले.

“नको. बाई, तुमच्या आज्याने मला शॉपात घेतले नसते.”

ते थेट तोहिदच्या दुकानी गेले. “कालचे फाडून टाक.”

“आख्खं?”

“आख्खं. आता हत्तीचा हत्ती करायचा आहे.”

दिवेलागणीपर्यंत ते सांगत होते आणि तोहिद टाइप करीत होता. ‘ग्रँट, कन्व्हे, ट्रान्सफर अँड अ‍ॅश्युअर’ याची चारही क्रियापदे मराठीत आली. एका जागी मात्र ते बराच वेळ अडले. ‘अ‍ॅट ऑल टाइम्स हिअरआफ्टर’ याला ‘आचंद्रार्क’ हा शब्द जिभेवर नाचत होता, चंद्रसूर्य असेतोवर. किती शोभला असता! पण मुळात चंद्रही नव्हता आणि सूर्यही नव्हता. त्यांनी एक सुस्कारा टाकून ‘येथून पुढे सर्वकाळ’ असे सांगितले. आणि पहिल्या पानावर, दोन कंसांच्या मध्ये, ठरल्याप्रमाणेच लिहिले: येथील मजकूर नष्ट झाला असून वाचता येत नाही. मग सही केली.

गुरुवारी ते न्यायालयात मागच्या बाकावर बसले. इंगवल्यांच्या वकिलांनी कंसातल्या भोकावर वीस मिनिटे भाषण केले, आणि ते चांगले केले. मग प्रियदर्शनी उभ्या राहिल्या. पहिल्या वाक्याला आवाज कापला, दुसऱ्याला कापला नाही. त्यांनी पाचवे पान वाचायला घेतले आणि सावकाश, एकही शब्द न गाळता, शेवटपर्यंत वाचले. न्यायाधीशांनी मूळ कागद मागवला, ओळीवर बोट ठेवून भाषांतर ताडून पाहिले आणि समोरच्या वकिलांना विचारले, “आपण दाखल केलेल्या भाषांतरात हे एका ओळीत कसे?”

“संक्षेप केला होता, साहेब. पुनरुक्ती होती.”

मागच्या बाकावर वरुट्यांनी मान खाली घातली. बुधवारच्या दुपारपर्यंत त्यांचे स्वतःचे उत्तरही हेच असते.

दाव्याचा निकाल लागेपर्यंत त्या पाच खिडक्यांचा उजेड अडेल असे कोणतेही बांधकाम करू नये, असा हुकूम झाला. बाहेर व्हरांड्यात धैर्यशील भाषांतराची प्रत हातात घेऊन उभा होता. क्रांती त्याला टाळून जाऊ लागली, तेव्हा त्याने हाक मारली.

“ए क्रांते, थांब की. ओ काका, खरंच आमच्या आज्ज्यानं एवढं समदं लिवून दिलं?”

“सही त्यांचीच आहे,” मागून आलेले वरुटे म्हणाले.

“‘वारसांच्या वारसांस’,” त्याने पुन्हा वाचले. “म्हंजे ही झाली, आणि हिची पोरंबी. आयला, म्हातारा लई पुढचं बघत हुता. आमाला कधी बोलला न्हाय.” त्याने कागदाची घडी घालून वरच्या खिशात ठेवली. “आर्किटेक्टला सांगतो, धा फूट मागं सरक म्हणून. आज्ज्याचा शब्द खोटा पाडून गोडाऊन बांधलं तर त्यात माल टिकायचा न्हाय.”

“धा न्हाय, बारा,” क्रांती म्हणाली. “उजेड तिरका येतोय.”

“आगं बया! दस्तात फूट लिवल्यात व्हय कुठं?”

आणि ते दोघे भांडत जिना उतरले.

महिन्याने नक्कल आली. कंसातली जागा थोडी होती, तरी वारस तिच्यात होते. टंकलेखकाने तेवढी ओळ दाटीने बसवली होती. तोहिद म्हणाला, “बघा, मी सांगत न्हवतो? लिवलं असतं तर काय बिघडलं असतं?” वरुट्यांनी नक्कल घडी घालून परत दिली आणि त्या प्रश्नावर, नवल म्हणजे, वाद घातला नाही. त्यांच्या मनात सयाजीराव नलवडे घोळत होते. आपण वाक्य लिहीत असताना चिमणाबाईचे कुंकू, तांदूळ आणि कसर येणार आहे, हे त्या माणसाला ठाऊक नव्हते. काहीतरी येणार आहे, एवढे मात्र ठाऊक होते.

क्रांतीने त्यांना एक जुनी साच्याची पट्टी दिली, पिराजी मिस्त्रींच्या हातची, सागवानी. आता ओळीखाली ते तीच धरतात. मागच्या आठवड्यात ते खुर्चीत चहा घेत असताना तोहिदने तीच पट्टी उचलून एका वकिलाच्या तीस प्रतींचा समास आखला, आणि साऱ्याच्या साऱ्या प्रतींची शेवटची ओळ खालून कापली गेली.

“काका, ही तुमची पट्टी खोटी हाय!” तो ओरडला.

वरुट्यांनी कप खाली ठेवला, खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि अत्यंत प्रसन्न मुद्रेने म्हणाले, “बस. सांगतो.”

तोहिदने घड्याळाकडे पाहिले. त्याची दुपार गेली होती.